पीडी-१ 'चिकटत नाहीये' म्हणून व्हायल लगेच खराब ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने रिकॉम्बिनंट ह्यूमन पीडी-१ (टी-सेल या रोगप्रतिकारक पेशींना ब्रेक लावणारं प्रोटीन, लॅबमध्ये बनवलेलं) मागवलं, एचईके २९३ या मानवी पेशींमध्ये बनवलेलं, शेपटीला हिस टॅग (शुद्ध करताना पकडायला जोडलेला छोटा तुकडा) असलेलं. डेटाशीटवर वजन साधारण १७ किलोडाल्टन लिहिलंय पण जेलवर ३० ते ४० च्या मध्ये जाड, धुरकट पट्टा दिसतोय. पीडी-एल१ (पीडी-१ ज्याला धरतं ते जोडीदार प्रोटीन) प्लेटवर कोट करून केलेल्या एलायझात (काय चिकटलं ते रंगाने दाखवणारी चाचणी) सिग्नल शून्य. शेजारच्या लॅबकडे पीडी-१ एफसी, म्हणजे ॲंटिबॉडीची शेपूट जोडलेलं पीडी-१, आहे, त्यांचा कर्व्ह एकदम देखणा येतो. एसपीआर (एक प्रोटीन दुसऱ्याला किती घट्ट धरतं ते चिपवर मोजणारं तंत्र) केलं तर हिला ॲफिनिटी, म्हणजे पकड, मायक्रोमोलरमध्ये मिळाली आणि एफसीवाल्या डेटाशीटवर आकडा नॅनोमोलरमध्ये आहे (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). तर व्हायल खराब आली का, परत पाठवू का, की त्यापेक्षा ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेलं स्वस्त मिळतंय ते घेऊ, असं तिने विचारलंय.

परत पाठवू नका. तुम्ही जे जे लिहिलंय त्यातली एकही गोष्ट प्रोटीन खराब असल्याची खूण नाहीये, उलट तुमच्याकडचं प्रोटीन जसं वागायला हवं तसंच वागतंय असं मला दिसतंय. मी गेली पंधराएक वर्षं असले सरफेस प्रोटीन बनवते आणि वापरते, त्यातली निम्मी वर्षं पीडी-१ आणि त्याच्या भावंडांवर गेली, आणि अगदी याच तक्रारीने मुलं माझ्याकडे आलेली आहेत. घोडं कुठं पेंड खातंय ते सांगते, पण त्यासाठी आधी ट्यूबमध्ये नेमकं काय आहे ते बघावं लागेल.

पेशीवरचं पूर्ण पीडी-१ हे २८८ अमिनो आम्लांचं असतं. पहिली २४ म्हणजे सिग्नल पेप्टाइड, ती बनतानाच कापली जातात. मग २५ पासून साधारण १७० पर्यंतचा भाग पेशीच्या बाहेर असतो, त्यात एकच इम्युनोग्लोब्युलिनसारखी घडी आहे आणि तिच्या खाली एक लवचीक देठ, मग पडद्यातून जाणारा तुकडा आणि आत शेपूट. खरं ब्रेक लावायचं काम ती आतली शेपूट करते, तिच्यावरच्या २२३ आणि २४८ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लागतं आणि मग एसएचपी-२ नावाचं फॉस्फटेज तिथे येऊन बसतं. तुमच्या व्हायलमध्ये यातलं आतलं काहीही नाहीये. बाजारात मिळणारं बहुतेक पीडी-१ म्हणजे २५ ते १६७ एवढाच बाहेरचा तुकडा, म्हणजे १४३ अमिनो आम्लं, अधिक टॅग. डेटाशीटवर 'कन्स्ट्रक्ट' किंवा 'सीक्वेन्स' अशी एक ओळ असते, ती आधी वाचा, किमतीच्याही आधी वाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

यातून एक गोष्ट लगेच निघते जी लोक हमखास उलटी करतात. टी-सेलच्या कल्चरमध्ये विरघळलेलं पीडी-१ टाकलं की टी-सेल शांत होतील अशी अपेक्षा असते, कारण पीडी-१ म्हणजे ब्रेक असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण शेपूटच नाही तर ब्रेक लागणार कुठून? ते मोकळं पीडी-१ जाऊन समोरच्या पेशीवरच्या पीडी-एल१ वर बसतं आणि जागा अडवतं, म्हणजे टी-सेलच्या स्वतःच्या पीडी-१ ला पकडायला काही उरत नाही आणि टी-सेल जास्त काम करतात. ब्रेक लावलेला बघायचा असेल तर पीडी-१ नको, पीडी-एल१ एफसी घ्या आणि ते अँटी-सीडी३ (टी-सेलला जागं करणारी ॲंटिबॉडी) सोबत एकाच प्लेटवर किंवा एकाच बीडवर चिकटवा. एकाच पृष्ठभागावर हे मुद्दाम सांगते, कारण पीडी-१ ला टी-सेल रिसेप्टरच्या शेजारी यावं लागतं तेव्हाच ते त्याला दाबू शकतं. आणि टी-सेल आधी एक-दोन दिवस जागे केलेले हवेत, झोपलेल्या टी-सेलवर पीडी-१ जवळपास नसतंच, मग नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून काय होणार.

आता जेलचा पट्टा. १७ चा आकडा हा नुसत्या अमिनो आम्लांच्या साखळीचं वजन आहे, गणिताने काढलेलं. मानवी पीडी-१ च्या त्या एका छोट्या घडीवर साखरेची झाडं लागायच्या चार जागा आहेत, ४९, ५८, ७४ आणि ११६ क्रमांकाच्या ॲस्परॅजिनवर. एवढ्याशा प्रोटीनवर चार झाडं म्हणजे खूप झाली. त्यात प्रत्येक रेणूवर झाड सारखंच लागत नाही, कुणावर दोन फांद्या, कुणावर तीन, कुणाच्या टोकाला सायॲलिक आम्ल, कुणाच्या नाही, म्हणून एक रेघ न दिसता धुरकट पट्टा दिसतो, शिवाय साखरेला एसडीएस (जेलवर प्रोटीन धावावं म्हणून घालतात तो साबण) नीट चिकटत नाही त्यामुळे ते आहे त्यापेक्षाही वर धावतं. तेव्हा ३० ते ४० मधला पट्टा बघून मला बरं वाटलं. एचईकेमधलं पीडी-१ म्हणून विकलेलं काहीतरी जर १७ वर बारीक रेघ देऊन धावलं असतं तर मी त्या विक्रेत्याला फोन केला असता.

खात्री करायची तर पीएनगेज एफ हे साखर कापणारं एन्झाइम लावा. थोडं प्रोटीन घ्या, एसडीएस आणि डीटीटी घालून उकळा म्हणजे घडी उलगडते, मग एनपी-४० हा सौम्य साबण घाला नाहीतर एसडीएस त्या एन्झाइमलाच मारेल, मग एन्झाइम घालून ३७ डिग्रीला एक तास. पट्टा खाली १७-१८ च्या आसपास गोळा होऊन नीट बँड दिसला पाहिजे. इथे एक फसवाफसवी होते ती जवळून बघण्यासारखी आहे. पीएनगेज एफ स्वतः ३६ किलोडाल्टनचं आहे, म्हणजे बरोब्बर जिथे तुमचा पट्टा होता तिथेच त्याची रेघ येते. माझ्याकडच्या एका मुलाने दोन आठवडे असं समजून घालवले की साखर अर्धीच निघतेय, एन्झाइम वाढवलं की वरचा बँड अजूनच गडद होतोय! तो बँड एन्झाइमचाच होता. म्हणून शेजारच्या लेनमध्ये नुसतं एन्झाइम, प्रोटीन न घालता, न चुकता लावायचं.

एफसीवाल्याला जेलवर बघाल तेव्हा रिड्यूस करून (म्हणजे सल्फरचे पूल तोडून) आणि न करता असं दोन्ही लावा. एफसी म्हणजे ॲंटिबॉडीची शेपूट, ती दोन-दोनच्या जोडीने सल्फरच्या पुलांनी बांधलेली असते, त्यामुळे न रिड्यूस केलेल्या लेनमध्ये ते दुप्पट वजनावर दिसतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. नैसर्गिक पीडी-१ एकटं राहतं. त्याचे चुलते सीटीएलए-४ आणि सीडी२८ हे पेशीवर जोडीने असतात, पीडी-१ कडे तशी जोडी बांधणारं सिस्टीन नाहीये. म्हणजे हिस टॅगवालं तुमचं प्रोटीन निसर्गाच्या जवळ आहे, आणि शेजारच्या लॅबचं एफसी हे आपण माणसांनी मुद्दाम बनवलेलं जुळं आहे.

आता चिकटण्याबद्दल, आणि हे जरा सावकाश वाचा. मानवी पीडी-१ आणि पीडी-एल१ एकेकटे घेऊन एसपीआरवर मोजलं तर केडी (निम्म्या जागा भरायला लागणारं कॉन्सन्ट्रेशन) साधारण ८ मायक्रोमोलर येते, २०१३ मध्ये छापून आलेलं मोजमाप आहे हे, आणि पीडी-एल२ या दुसऱ्या जोडीदाराशी साधारण २ मायक्रोमोलर. म्हणजे हे नातं मुळातच ढिलं आहे. पेशीच्या पृष्ठभागावर हजारो रेणू समोरासमोर दाटीवाटीने असतात त्यामुळे तिथे ढिलं असूनही भागतं, पण ट्यूबमध्ये एकटा रेणू एकट्याला भेटतो तेव्हा लगेच हात सोडतो.

तुमच्या एलायझाचं गणित करून बघू. तुम्ही १ मायक्रोग्रॅम प्रति मिली पीडी-१ हिस घातलं असं लिहिलंय. १७ किलोडाल्टनच्या हिशोबाने ते ५९ नॅनोमोलर झालं. केडी ८ मायक्रोमोलर म्हणजे ८००० नॅनोमोलर. तर ५९ भागिले ८०५९, म्हणजे प्लेटवरच्या शंभर पीडी-एल१ पैकी एकावरसुद्धा पीडी-१ बसलेलं नाहीये, ०.७ टक्के फक्त. निम्म्या जागा भरायच्या तर १३६ मायक्रोग्रॅम प्रति मिली लागेल. आणि हे झालं धुण्याच्या आधीचं. आता धुणं बघा. सुटण्याचा वेग सेकंदाला १ धरला तर अर्धे रेणू सुटायला ०.७ सेकंद लागतात, आणि तुम्ही तर तीन वेळा धुताय, प्रत्येक वेळी प्लेट उपडी करून आपटताय, मग तासभर दुसरी ॲंटिबॉडी घालून ठेवताय, मग परत धुताय. ०.७ सेकंदाच्या नात्यातलं तोवर काय शिल्लक राहील? शून्यच येणार, आणि प्रोटीन अस्सल असल्यामुळेच शून्य येणार.

एफसीवाल्याचं काय होतं, तर त्याला दोन हात आहेत. प्लेटवर पीडी-एल१ दाट कोट केलेलं असतं, एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, तेवढ्यात पहिला परत धरतो. एकेक हात तेवढाच ढिला, पण दोन्ही एकदम सुटायची वेळ क्वचित येते. याला ॲव्हिडिटी म्हणतात. त्या डेटाशीटवरचा नॅनोमोलर आकडा नीट बघा, बहुतेक वेळा तो एलायझाचा ईसी५० (निम्मा सिग्नल देणारं कॉन्सन्ट्रेशन) असतो, केडी नसतोच. तो त्या प्लेटवर, तेवढ्या कोटिंगवर, तेवढ्या वॉशनंतर आलेला आकडा आहे, कोटिंग अर्धं करा, आकडा बदलेल. लॉट टू लॉट तुलना करायला तो उत्तम आहे, पण थिसिसमध्ये 'पीडी-१ ची ॲफिनिटी' म्हणून तो लिहू नका, एखाद्या परीक्षकाने विचारलं तर उत्तर द्यायला जमणार नाही.

म्हणूनच मला तुमचा मायक्रोमोलर आकडा वाचून आनंद झाला. हिस टॅगवाल्या एकट्या पीडी-१ ने जर एसपीआरवर ५ नॅनोमोलर दाखवलं असतं तर मी आधी गोळे झालेत का ते बघायला सांगितलं असतं. चार-पाच रेणू एकमेकांना चिकटून गोळा झाला की तोही अनेक हातांचाच होतो आणि घट्ट धरल्याचा आभास देतो. सारखं गोठवून-वितळवून प्रोटीन बिघडलं की ॲफिनिटी 'सुधारते', ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते पण मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्यामुळे मोजायच्या आधी गार सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचंच घ्यायचं, आणि सोय असेल तर साइझ एक्सक्लूजन कॉलमवर (आकारानुसार रेणू वेगळे करणारा) थोडंसं धाववून एकच शिखर येतंय ना ते बघायचं.

एसपीआर परत करणार असाल तर पीडी-एल१ एफसी चिपवर पकडा, प्रोटीन ए किंवा अँटी-एफसीने, आणि वरून तुमचं एकटं पीडी-१ हिस सोडा. उलटं केलं आणि दोन हातांचं एफसी वरून सोडलं तर परत ॲव्हिडिटी घुसेल. कर्व्ह कसा दिसेल ते आधीच सांगते म्हणजे घाबरणार नाही, एखाद्या खोक्यासारखा चौकोनी दिसतो, इंजेक्शन सुरू झालं की सरळ वर, संपलं की सरळ खाली. पुष्कळ जण हे बघून 'हा नुसता बफरचा फरक आहे' म्हणून सोडून देतात. तो खरा सिग्नल आहे का हे रेफरन्स चॅनेल वजा केल्यावर कळतं. वर-खाली जाण्याच्या वेगावरून फिट करायच्या भानगडीत पडू नका, तेवढा वेग मशीनला पकडता येत नाही, प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला कर्व्ह जिथे सपाट होतो तो आकडा घ्या आणि त्यावरून केडी काढा. कॉन्सन्ट्रेशन निदान ४० मायक्रोमोलरपर्यंत न्या, म्हणजे ६८० मायक्रोग्रॅम प्रति मिली, त्यासाठी व्हायल कमी पाण्यात विरघळवावी लागेल, तर पत्रकात तेवढं दाट चालतं का ते आधी बघा. आणि व्हायलमध्ये बहुधा ट्रेहॅलोज असतं, सुकवताना घातलेलं, ते तसंच चिपवर गेलं तर खरोखरीच बफरची उडी येते, म्हणून आधी डीसॉल्टिंग करून रनिंग बफरमध्ये आणा.

एलायझाच हवा असेल आणि हिस टॅगवालं प्रोटीन जिवंत आहे एवढंच सिद्ध करायचं असेल तर पीडी-एल१ चा नाद सोडा, पीडी-१ विरुद्धची चांगली ॲंटिबॉडी वापरा. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांचे रिसर्चसाठीचे नमुने मिळतात, त्या घट्ट धरतात. सुटण्याचा वेग सेकंदाला ०.०००१ असेल तर अर्धे सुटायला जवळपास दोन तास लागतात, म्हणजे धुऊन काही फरक पडत नाही. आणि या दोघी पीडी-१ च्या वेगवेगळ्या जागी बसतात, निव्होलुमॅबला मुख्यतः सुरुवातीचा एन-लूप लागतो, पेम्ब्रोलिझुमॅबला सी-प्राइम-डी नावाचा लूप. दोन्ही छान लागल्या तर घडी दोन्हीकडून शाबूत आहे असं समजायला हरकत नाही. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून उंदराचं पीडी-१ ठेवा, या दोन्ही ॲंटिबॉडी त्याला धरत नाहीत. पण तेच उंदराचं पीडी-१ पीडी-एल१ च्या प्रयोगात निगेटिव्ह म्हणून ठेवू नका, कारण उंदराचं आणि माणसाचं एकमेकांना चालतं.

शेजारच्या लॅबचं एफसी उसनं घेऊन एलायझा करणार असाल तर एक सांगते. प्लेटवर पीडी-एल१ एफसी, वरून पीडी-१ एफसी, आणि शोधायला अँटी-ह्यूमन एफसी एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली, एफसीला धरणारी ॲंटिबॉडी), असा सेटअप मी सुरुवातीच्या वर्षी लावला होता. टीएमबी हा रंग येणारा द्रव घातल्यावर मिनिटभरात अख्खी प्लेट निळी, ज्यात पीडी-१ घातलंच नव्हतं ते वेल्ससुद्धा. कारण उघड आहे, खाली कोट केलेल्यालाही एफसीच आहे. एकाला माऊस एफसी घ्या नाहीतर वरच्यावर बायोटिन लावून स्ट्रेप्टॅव्हिडिनने शोधा.

बायोटिनवरून आठवलं. नेहमीचं एनएचएस बायोटिन लायसिनवर कुठेही बसतं, आणि पीडी-१ चं ७८ क्रमांकाचं लायसिन हे पीडी-एल१ ला धरायच्या जागेतच आहे. एवढ्या लहान प्रोटीनवर जास्त बायोटिन लावलं की नेमकी धरायची जागाच बुजते आणि मग परत 'प्रोटीन खराब'. शक्य असेल तर ॲव्हिटॅगवालं घ्या, त्यात शेपटीला १५ अमिनो आम्लांची खूण असते आणि बीआयआरए एन्झाइम तिथे एकच बायोटिन लावतं, एकाच ठिकाणी. असं चार पीडी-१ एका स्ट्रेप्टॅव्हिडिनवर बसवले की टेट्रामर (चौकडी) होतो आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून त्यांचा रंग मोजणाऱ्या मशीनवर) पीडी-एल१ असलेल्या पेशी बऱ्यापैकी रंगतात, एकट्याने त्या कधीच रंगणार नाहीत. सरळ प्लास्टिकवर कोट करण्यापेक्षाही स्ट्रेप्टॅव्हिडिन प्लेटवर असं पकडणं चांगलं, प्लास्टिकवर लहान प्रोटीन आडवंतिडवं पडतं आणि अर्धं उलगडतंसुद्धा.

आता ई. कोलायचं स्वस्त प्रोटीन. माझं मत विचाराल तर काम काय आहे त्यावर. ते सरसकट वाईट नाहीये. २०१५ मध्ये मानवी पीडी-१ आणि पीडी-एल१ एकत्र कसे बसतात त्याची क्रिस्टल स्ट्रक्चर आली ती बॅक्टेरियात बनवलेल्या प्रोटीनचीच होती, म्हणजे पीडी-एल१ ला धरायला पीडी-१ वरची साखर लागत नाही. पण ते बॅक्टेरियात विरघळलेलं मिळत नाही, गठ्ठे होऊन पडतं, ते उलगडून परत घडी घालावी लागते. पीडी-१ मध्ये ५४ आणि १२३ या दोन सिस्टीनचा पूल हवा असतो आणि ९३ नंबरचं एक सिस्टीन मोकळं असतं, ते मोकळं सिस्टीन घडी घालताना भलत्याशी जोडी करतं, म्हणून स्ट्रक्चरवाले तिथे सेरीन घालतात. डेटाशीटवर सी९३एस लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते मुद्दाम केलेलं असतं. स्ट्रक्चर, एनएमआर, छोटे रेणू शोधणं यासाठी असं प्रोटीन उत्तम आहे. पण ॲंटिबॉडी तपासायच्या असतील तर मला ते नको, कारण काही ॲंटिबॉडींना साखर लागते. कॅमरेलिझुमॅब हे त्याचं उदाहरण, ५८ नंबरवरची साखर असेल तर ती चांगली धरते, साखर काढली की पकड सैल होते. बॅक्टेरियातल्या प्रोटीनवर अशी ॲंटिबॉडी तपासाल तर एक चांगला उमेदवार विनाकारण बाद कराल.

आणि पेशींवर घालणार असाल तर बॅक्टेरियातल्या प्रोटीनला माझा ठाम नकार आहे, जोवर एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातला, पेशींना चिथावणारा पदार्थ, म्हणजेच एलपीएस) आकडा समोर नाही तोवर. हे गणित कुणी करत नाही म्हणून इथे करते. समजा डेटाशीटवर लिहिलंय, १ ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. ऐकायला छान वाटतं. तुम्ही पीबीएमसीवर (रक्तातून वेगळ्या केलेल्या रोगप्रतिकारक पेशी) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घातलं, म्हणजे मिलीला १० ईयूपर्यंत गेलं. १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस, तर तुम्ही मिलीला १ नॅनोग्रॅम एलपीएस घातलंय. त्यातल्या मोनोसाइट पेशींना टीएनएफ आणि आयएल-६ हे सायटोकाइन (दाह पेटवणारे संदेशवाहक) सोडायला एवढं पुरेसं आहे. आणि मग आपण लिहितो की 'पीडी-१ दिल्यावर सायटोकाइन वाढले'. माझ्या एका सहकाऱ्याचा असाच सहा महिन्यांचा डेटा टाकून द्यावा लागला, आणि तो वाईट काम करणारा माणूस नव्हता, कंट्रोल फक्त बफरचा ठेवला होता एवढंच. कंट्रोल असा ठेवा, त्याच प्रोटीनचा थोडा भाग २० मिनिटं उकळा, प्रोटीन मरेल पण एलपीएस मरत नाही. उकळलेल्यानेही तोच परिणाम आला तर तो पीडी-१ चा नाही. एचईकेमधलं प्रोटीनही शुद्ध करताना एंडोटॉक्सिन उचलू शकतं, म्हणून आकडा तिथेही बघायचाच, ०.१ पेक्षा कमी असेल तर मला जरा शांत झोप लागते.

पेशींवर एफसी वापरताना दुसरा सापळा आहे. मोनोसाइटवर सीडी६४ नावाचा एफसी रिसेप्टर असतो, तो ह्यूमन आयजीजी१ चं एफसी घट्ट धरतो. पीडी-१ एफसीने पीबीएमसी रंगवले, मोनोसाइट झगझगीत दिसले, मग सगळे खूश की किती पीडी-एल१ आहे यांच्यावर. नुसतं एफसी, पीडी-१ न जोडलेलं, तेवढ्याच कॉन्सन्ट्रेशनला घालून बघा, तेवढंच झगझगलं तर ते पीडी-एल१ नव्हतं. एफसी ब्लॉक घालावंच, पण ब्लॉक घातलं म्हणून नुसत्या एफसीचा कंट्रोल सोडू नये. ज्यांच्याकडे एफसी रिसेप्टरला न चिकटणारं म्युटंट एफसी आहे त्यांनी तेच घ्यावं.

हाताळणीबद्दल फार लिहीत नाही, पत्रकात असतंच, पण जिथे हमखास चुकतं तेवढं सांगते. सुकवलेली पावडर पुष्कळदा दिसतच नाही, कधी ती झाकणाला लागलेली असते, म्हणून उघडायच्या आधी व्हायल फिरवून घ्या. विरघळवताना व्हॉर्टेक्स नको, द्रव घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हलकेच फिरवा. पातळ करून ठेवणार असाल तर ०.१ टक्के बीएसए (गाईचं साधं भरणीचं प्रोटीन) घाला, नाहीतर प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून संपतं. पण बायोटिन लावायचं असेल किंवा कोट करायचं असेल तर बीएसए अजिबात नको, नाहीतर बायोटिन बीएसएलाच लागेल. ट्रिस बफरमध्येही एनएचएस बायोटिन करू नका, ट्रिसच ते खाऊन टाकतं. सोडियम अझाइड असेल तर पेशी मरतील आणि एचआरपीसुद्धा बंद पडेल. एकदाच वापरता येतील एवढे छोटे अलिकोट करून उणे ८० ला ठेवा, वितळवलेलं परत गोठवायचं नाही, उरलं तर उरलं, फेकून द्यायचं. पैशाची हळहळ वाटते हे मला कळतं, पण त्या उरलेल्या थेंबांवर घालवलेला आठवडा जास्त महाग पडतो.

थोडं विषयांतर. हे प्रोटीन १९९२ मध्ये क्योटोमध्ये इशिदा आणि होंजो यांना सापडलं तेव्हा ते पेशी मरताना कुठली जीन चालू होते ते शोधत होते, म्हणून नावात 'डेथ' आलं. पुढे १९९९ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की ही जीन नसलेल्या उंदरांना वय झाल्यावर ल्युपससारखा आजार होतो, म्हणजे हा मृत्यूचा रेणू नसून आवर घालणारा आहे. २०१४ मध्ये याच्यावरची औषधं मंजूर झाली आणि २०१८ मध्ये होंजो यांना ॲलिसन यांच्यासोबत नोबेल मिळालं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी यीस्टवर पीडी-१ चे असंख्य प्रकार मांडून त्यातले घट्ट धरणारे निवडले आणि शंभरएक पिकोमोलरचं पीडी-१ बनवलं, म्हणजे नैसर्गिकपेक्षा हजारो पट घट्ट. थोडीच अमिनो आम्लं बदलून हे जमतं. म्हणजे घट्ट धरणं या घडीला अशक्य नव्हतं, तरीही निसर्गाने ते ढिलंच ठेवलंय, आणि ब्रेक जर लावल्यावर सुटलाच नसता तर इन्फेक्शनशी लढायला टी-सेल परत उठले असते कसे, असं मला राहून राहून वाटतं.

तर तुम्ही या आठवड्यात एवढं करा. पीएनगेज एफचं जेल लावा, शेजारी नुसत्या एन्झाइमची लेन. निव्होलुमॅबने एलायझा लावा, उंदराचं पीडी-१ बाजूला ठेवून. एसपीआरचा जुना डेटा फेकू नका, तोच सपाट भागाचे आकडे घेऊन परत फिट करा. वरचं कॉन्सन्ट्रेशन किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते जर २ मायक्रोमोलरलाच थांबलं असेल तर कर्व्ह वळायच्या आधीच संपलाय आणि त्यातून निघालेल्या केडीवर मी विसंबणार नाही, तेवढा एक रन जास्त दाट प्रोटीन घेऊन परत करावा लागेल. आणि निव्होलुमॅबसुद्धा लागली नाही तर मात्र लॉट नंबर, जेलचा फोटो आणि तुम्ही कशात किती विरघळवलं हे सगळं घेऊन विक्रेत्याला लिहा, तेव्हा तुमची बाजू पक्की असेल.